बादलीतला मासा

गणपत गल्लीतल्या दुकानात काचेवर तीन यंत्रं मांडली होती.
पहिलं बावीस हजारांचं, रंगीत,
सहाशे फुटांखालचं सांगणारं.
मी म्हटलं, आमच्या हिडकलच्या पाण्याला
इतकं खोल जायची सवय नाही.
दुसरं चेंडूसारखं फेकायचं, बघायचं मोबाइलवर.
भर उन्हात माझ्या मोबाइलमध्ये
मला फक्त माझंच तोंड दिसतं.
तिसरं चार हजार आठशे. करडं, तळहाताएवढं,
वायरच्या टोकाला लाडवाएवढा डोळा.

चालू केल्या केल्या म्हणालं, भाषा निवडा.
इंग्रजी होती, चिनी होती, आणखी कुठल्या कुठल्या नऊ.
मराठी नव्हती. कन्नडही नव्हती.
दुकानदार इराण्णा हसला, "बरं झालं बघा,
ह्या एका गोष्टीवर तरी मोर्चा नको."

मग त्यानं बादली भरून आणली, डोळा बुडवला.
पडद्यावर आकडा आला: एक फूट.
आकड्याखाली एक मासा.
आम्ही दोघांनी वाकून पाहिलं.
निळं प्लास्टिक, तळाशी चुन्याचा थर,
आणि दोन टकली.

आत्तीला फोन लावला. संघाचं कर्ज तिच्या नावावर,
डबा तिच्या फळीवर.
"मासा दावतंय, का धरतंय?"
"दावतंय आत्ती. कधी कधी नसलेला पण दावतंय."
"तसला तर तुझा मामा फुकट दावत होता की."

पण मी हिशेब करून आलो होतो,
हुक्केरीच्या बसमध्ये, तिकिटाच्या पाठीवर:
गेल्या साली फाटलेली जाळी तीन.
दोन बुडालेल्या बाभळींच्या खुंटांनी खाल्ली,
एक जुन्या गावच्या भिंतीनं.
एकाला एकवीसशे, आणि शिवत बसलेल्या रात्री वेगळ्या.
मासा मला पाणकावळा दावतो,
वाऱ्याची बाजू दावते.
मला खालचं दाव रे बाबा,
कुठं सपाट, कुठं काटा.
एवढं सांगणारा मला चार हजार आठशेला स्वस्त.
साडेचारला दिलं त्यानं. बादलीतल्या माशाचे तीनशे कमी.

लुमाण्णाच्या मेलेल्या गाडीची बॅटरी,
होडीच्या कडेला कळकाची काठी,
सायकलच्या ट्यूबनं आवळलेला डोळा.
पहिल्या सकाळी आत्ती स्वतः येऊन बसली पुढं,
काष्टा खोचून, मशीनकडं पाठ करून.
पंधरा वर्षांची होती, ह्या जागेवरून उठली तेव्हा.
आता पाण्यावर बोट ठेवत निघाली:
हितं मारुतीचा कट्टा. हितनं डावीकडं घे.
हितं सुताराची चिंच, जाळं लांब ठेव.
थांब. हा आमचा गोठा.
संक्रांतीच्या पाण्याला हितं पाच परस.

मी पडद्यावर बघितलं. चोवीस फूट.
"खोटं बोलूलंय," ती म्हणाली, न वळता.
मग मी दगड बांधून दोरी सोडली,
तिच्याच हातानं गाठी मारलेली, परसाला एक.
चौथी गाठ भिजली आणि दोरी ढिली पडली.
"गाळ," मी म्हटलं.
तिनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला,
जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा,
आणि बराच वेळ काढला नाही.
बॅटरीवर यंत्र टीक टीक करत होतं.

मग म्हणाली, "खुंटं पण बुजली असतील की.
बसलास काय? टाक जाळं."

पडद्यावर सात मासे होते, ओळीनं.
जाळ्यात आल्या तीन चिलाप्या,
आणि एक फुटका कंदील, गाळानं भरलेला.
आत्तीनं चिलाप्या टोपलीत टाकल्या,
कंदील मांडीवर घेतला,
आणि पहिल्यांदा मशीनकडं तोंड केलं.

"चार बाकी," ती त्याला म्हणाली. "लिहून ठेव."